पेनड्राइव्ह साफ केला तरी फोल्डर पुन्हा शॉर्टकट होतात, त्यावरचा उपाय

पेनड्राइव्ह लावला. फोल्डर सगळे दिसतायत, नावंही तीच आहेत, पण प्रत्येकाच्या चिन्हावर डावीकडे खाली छोटा वाकडा बाण आलाय आणि साइज दिसतेय एक-दोन केबी. कालपर्यंत ज्यात तीनशे फोटो होते तो फोल्डर आज दोन केबीचा. इथे छातीत धस्स होतं आणि हात फॉरमॅटकडे जातो. तेवढं करू नका. तुमच्या फायली त्याच पेनड्राइव्हमध्ये आहेत, फक्त लपवलेल्या आहेत. खात्री करायची तर पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. आठ जीबीतले सहा जीबी भरलेले दिसले, तर ते सहा जीबी म्हणजे तुमचाच डेटा.

हे एवढं ठासून सांगतोय, कारण पॉलिटेक्निकच्या एका मुलीचा प्रोजेक्ट रिपोर्ट असाच गेलेला मी पाहिलाय. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी ती प्रिंट काढायला एका दुकानात गेली, फोल्डरचे शॉर्टकट झाले, आणि काउंटरवरच्या माणसानं "व्हायरस आहे, फॉरमॅट मारतो" म्हणत तिला न विचारताच फॉरमॅट मारला. ती रडत माझ्याकडे आली. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं काही फायली परत मिळाल्या, पण त्यांची नावं गेली होती आणि अर्धी ड्रॉइंग उघडत नव्हती. फॉरमॅटच्या आधी तिचं काहीही हरवलेलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे त्या फॉरमॅटनं व्हायरसही गेला नव्हता. तो दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये उतरणार होता.

मी तालुक्याच्या गावात झेरॉक्स-डीटीपीची दुकानं आणि दोन शाळांच्या लॅब सांभाळतो. "पेनड्राइव्हला व्हायरस लागलाय" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते अर्धंच खरं असतं. पेनड्राइव्ह हे या व्हायरसचं फक्त वाहन आहे, त्याचं बिऱ्हाड कॉम्प्युटरमध्ये असतं. लोक दरवेळी वाहन धुतात, बिऱ्हाड तसंच राहतं, म्हणून तो परत येतो.

तो आत कसा शिरतो

सगळ्यात जास्त आढळतो तो व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रकार. व्हीबीस्क्रिप्ट ही विंडोजबरोबरच येणारी छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे आणि तिच्यात लिहिलेली फाइल चालवणारा डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई हा प्रोग्रॅमही विंडोजचाच. म्हणजे व्हायरसला स्वतःचं काहीच आणावं लागत नाही. साध्या मजकुराची काही केबींची फाइल पुरते.

बाधित पेनड्राइव्हमधल्या एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि टार्गेट या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता नसतो. सुरुवातीला सीएमडी डॉट ईएक्सई असतं, मग 'स्टार्ट' म्हणून एका डॉट व्हीबीएस फाइलचं नाव, मग पुन्हा 'स्टार्ट' म्हणून तुमच्या खऱ्या, लपवलेल्या फोल्डरचं नाव, आणि शेवटी एक्झिट. अर्थ सरळ आहे: आधी व्हायरस चालव, मग फोल्डर उघडून दाखव, मग गप बस. फोल्डर नेहमीसारखा उघडतो, त्यामुळे डबल क्लिक करणाऱ्याला शंका येत नाही. फार तर एक काळी खिडकी क्षणभर चमकून जाते.

त्या क्षणात फाइलनं स्वतःची एक प्रत टेम्प किंवा अ‍ॅपडेटा या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, दुसरी स्टार्टअप फोल्डरमध्ये, आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग जिथे नोंदवून ठेवतं तो साठा) 'रन' या जागी स्वतःचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की तोही सुरू. पुढे तो काही सेकंदांच्या अंतरानं एकच गोष्ट तपासत राहतो: नवीन पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लागलंय का. लागलं की आपली प्रत तिथे टाकायची, खरे फोल्डर लपवायचे आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट बनवायचे. तुम्ही समोर बसून शॉर्टकट डिलीट करत असता आणि पाच सेकंदांनी ते पुन्हा हजर होतात, ते याचमुळे.

काटेकोरपणे बोलायचं तर अशा स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमला वर्म म्हणतात, पण दुकानात येणारा प्रत्येक माणूस त्याला व्हायरसच म्हणतो आणि मीही इथे तेच म्हणणार आहे.

शॉर्टकटचीच युक्ती का, याला इतिहास आहे. हातातून नेण्याच्या डिस्कवरून पसरणं फार जुनं. १९८६ मधला ब्रेन हा पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस, लाहोरच्या बासित आणि अमजद या अल्वी बंधूंनी लिहिलेला, फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना वाचला जाणाऱ्या तिच्या पहिल्या भागातून पसरायचा. पेनड्राइव्ह आले तेव्हा, डिस्क लावली की काय चालवायचं ते विंडोजला सांगणाऱ्या ऑटोरन डॉट आयएनएफ या फाइलमुळे काम सोपं झालं. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकरनं तीच वाट वापरली होती. पेनड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या खिडकीत तो 'फोल्डर उघडा' असं सांगणारा खोटा पर्याय दाखवायचा. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरचं ऑटोरन बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपी आणि व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. आपोआप चालण्याची वाट बुजली, म्हणून आता माणसाच्या हातून क्लिक करवून घेणारा शॉर्टकट आला. ही गोष्ट आपल्या बाजूची आहे, कारण क्लिक केलं नाही तर यातला बहुतेक कारभार सुरूच होत नाही.

बहुतेक म्हटलं, सगळा नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटनं विंडोजमधली अशी एक फट वापरली होती, की शॉर्टकटचं चिन्ह नुसतं पडद्यावर दिसलं तरी पुरे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिचा अपडेट आला. पण वर्षानुवर्षं अपडेट न केलेले कॉम्प्युटर आजही काउंटरवर बसलेले असतात, त्यांच्यासाठी सांगितलं.

काढण्याचा क्रम

आधी कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्ह. हा क्रम चुकला तर बाकी सगळं बरोबर करूनही हाती काही लागत नाही.

सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा. इंटरनेटची केबल काढा किंवा वायफाय बंद करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डीटेल्स या टॅबवर जा. तिथे डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई चालू दिसतोय का बघा. घरच्या किंवा दुकानातल्या साध्या कॉम्प्युटरवर तो सतत चालू असण्याचं सहसा कारण नसतं. लगेच बंद करू नका. वरच्या रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून कमांड लाइन हा रकाना सुरू करा. आता त्या ओळीपुढे तो नेमकी कोणती फाइल चालवतोय, तिचा पूर्ण पत्ता दिसेल. तो कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. हा पत्ता म्हणजेच बिऱ्हाडाचा पत्ता. मगच एंड टास्क करा. डब्ल्यूस्क्रिप्ट स्वतः विंडोजचा आहे, तो डिलीट करायचा नाही. डिलीट करायची ती त्याच्या हातात असलेली फाइल.

ती फाइल दिसण्यासाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये तीन बदल करावे लागतात: लपवलेल्या फायली दाखवा, फायलींची एक्स्टेन्शन लपवणारी खूण काढा, आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवणारी खूणही काढा. तिसरी खूण काढताना विंडोज इशारा देतं, त्याला हो म्हणा. बरेच जण पहिले दोन बदल करून थांबतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात. हा व्हायरस फायलींना नुसतं 'हिडन' करत नाही, 'सिस्टिम' अशीही खूण लावतो, आणि तशा फायली तिसऱ्या बदलाशिवाय दिसत नाहीत. काम झालं की ही खूण पुन्हा लावून ठेवा, नाहीतर पुढे कुणीतरी विंडोजचीच फाइल उडवेल.

पत्त्यावर जाऊन फाइल डिलीट करा. मग तिच्या नावाचा माग काढा. विंडोज आणि आर दाबून 'शेल कोलन स्टार्टअप' टाइप केलं की स्टार्टअप फोल्डर उघडतो, तिथे त्याच नावाची प्रत असते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये नोंद दिसते. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी करंट युजर आणि एचकी लोकल मशीन या दोन्हींखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन असं आत जाऊन त्याच नावाची ओळ काढा. फक्त तीच ओळ, शेजारच्या ओळींना हात लावायचा नाही. शेवटी टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय, उघडून बघा. माझ्या अनुभवात "सगळं केलं तरी दुसऱ्या दिवशी परत आला" या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथे निघतं, कारण लोक स्टार्टअपपर्यंत येतात आणि इथवर पोहोचत नाहीत.

हे चार ठिकाणी फिरणं नको असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे मोफत साधन घ्या. कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आपोआप चालतं ते सगळं ते एका यादीत दाखवतं. ज्यांची फाइल जागेवर नाही अशा नोंदी पिवळ्या दिसतात. फाइल डिलीट करून तुम्ही इथे आलात, तर व्हायरसची नोंद बहुधा पिवळी होऊन समोर येते.

यानंतर स्कॅन. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरचा, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन असतो. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला आड येता येत नाही. पंधरा-वीस मिनिटं जातात. एक गोष्ट मात्र आधी बघा: डिफेंडरच्या सेटिंगमध्ये एक्सक्लूजन्स अशी यादी असते, म्हणजे काय तपासायचं नाही त्याची यादी. काही व्हायरस स्वतःचा फोल्डर त्यात घालून ठेवतात. मग डिफेंडर इमानेइतबारे सगळा कॉम्प्युटर तपासतो आणि नेमकी तीच खोली सोडतो. तुम्ही स्वतः न घातलेली नोंद तिथे असेल तर काढून टाका. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आहे. तो इन्स्टॉल करावा लागत नाही, पण डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून दरवेळी नवा उतरवायचा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधनं मिळतात. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं.

आता पेनड्राइव्ह. लावल्यावर आतल्या कशावरही डबल क्लिक करायचा नाही. त्याला कोणतं अक्षर मिळालंय ते बघा, समजा जी. कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ द्या, अक्षरं अर्थातच इंग्रजी:

अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी जी:\*.*

अ‍ॅट्रिब म्हणजे फाइलवरच्या खुणा बदलण्याची आज्ञा. वजा एच म्हणजे हिडनची खूण काढ, वजा आर म्हणजे रीड-ओन्लीची, वजा एस म्हणजे सिस्टिमची. पुढचा तिरका एस आतल्या सगळ्या फोल्डरांत जायला सांगतो आणि तिरका डी खुद्द फोल्डरांनाही लागू करतो. डी विसरलात तर फायली मोकळ्या होतात आणि फोल्डर लपलेलेच राहतात. नुसतं वजा एच देऊनही भागत नाही, सिस्टिमची खूण असेपर्यंत विंडोज हिडनची खूण काढू देत नाही. प्रॉपर्टीजमध्ये हिडनचा चौकोन करडा होऊन अडलेला दिसतो, त्याचंही कारण हेच.

मोठा पेनड्राइव्ह असेल तर आज्ञेला वेळ लागतो, खिडकी बंद करू नका. संपल्यावर खरे फोल्डर आणि शॉर्टकट शेजारी शेजारी दिसतील. शॉर्टकट डिलीट करा, आणि तुम्ही न ठेवलेल्या डॉट व्हीबीएस, जेएस, बीएटी, ईएक्सई फायलीही. सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशन नावाचा फोल्डर दिसला तर घाबरू नका, तो विंडोजचाच असतो.

फक्त फायली तातडीनं हव्या असतील आणि समोरच्या कॉम्प्युटरचा भरवसा नसेल, तर पेनड्राइव्ह ओटीजी (मोबाइलला पेनड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून अँड्रॉइड मोबाइलला जोडा. विंडोजची हिडन ही खूण अँड्रॉइड मानत नाही, त्यामुळे खरे फोल्डर सरळ दिसतात, आणि विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे चालू शकत नाही. त्या पॉलिटेक्निकच्या मुलीला हे कुणी सांगितलं असतं तर तिचा रिपोर्ट पाच मिनिटांत हातात आला असता.

वेगळी रूपं

कधी पेनड्राइव्ह उघडल्यावर एकच शॉर्टकट दिसतो, त्यावर पेनड्राइव्हचंच नाव. बाकी काही नाही. अशा वेळी सगळा डेटा एका बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवलेला असतो. त्याचं नाव म्हणजे एक न दिसणारं अक्षर असतं. अ‍ॅट्रिब दिल्यावर नाव नसलेलं फोल्डरचं चिन्ह दिसेल, आत जाऊन सगळं कट करून बाहेर आणा. या प्रकारात डब्ल्यूस्क्रिप्टऐवजी रनडीएलएल३२ डॉट ईएक्सई या विंडोजच्याच प्रोग्रॅमपुढे विचित्र नावाची फाइल सापडते. गेल्या काही वर्षांतल्या एका प्रकारात लपवलेल्या फोल्डरचं नाव 'सिसव्हॉल्युम' असतं. वर सांगितलेल्या विंडोजच्या फोल्डरशी ते नाव मुद्दाम जुळवलेलं आहे, म्हणून पूर्ण नाव वाचल्याशिवाय सोडू नका आणि डिलीटही करू नका. हा प्रकार तुमच्या कॉम्प्युटरवर गुपचूप क्रिप्टोचलनाचं मायनिंग करतो, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरची ताकद वापरून दुसऱ्यासाठी ते चलन कमावतो. पंखा विनाकारण जोरात फिरू लागणं ही त्याची खूण.

जुन्या लॅबमध्ये अजून एक भेटतो: फोल्डरचं चिन्ह लावलेली ईएक्सई फाइल, नाव 'न्यू फोल्डर'. यातले काही टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर आधीच बंद करून टाकतात. तिथे वेळ घालवू नका, सरळ ऑफलाइन स्कॅन लावा.

पासवर्डचं काय

हा भाग लोक ऐकून घेत नाहीत, म्हणून वेगळा लिहितोय. शॉर्टकट ही फक्त दिसणारी बाजू आहे. व्हीबीस्क्रिप्टच्या या घराण्यातला एक जेन्क्सकस नावानं ओळखला जातो. तो बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो, तिथून आज्ञा घेतो आणि फायली आणू-पाठवू शकतो. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अमेरिकेतल्या न्यायालयात जाऊन त्याचे आणि ब्लाडाबिंडी नावाच्या दुसऱ्या व्हायरसचे संपर्काचे पत्ते तोडण्याची कारवाई केली, इतका त्याचा पसारा होता. म्हणून बाधित कॉम्प्युटरवरून बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं लॉगिन झालं असेल, तर ते पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला. दुकानदारांना मी हे हात जोडून सांगतो, कारण तिथे दाखल्यांसाठी येणाऱ्या माणसांचे आधार आणि बँक पासबुक स्कॅन करून ठेवलेले असतात.

परत येऊ नये म्हणून दोन उपाय आहेत, त्यातला एक तरी करा. स्क्रिप्टची गरज नसलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज स्क्रिप्ट होस्ट बंद करा: रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे 'एनेबल्ड' नावाची किंमत शून्य. ती नसेल तर डीवर्ड प्रकारची तयार करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आधी विचारून घ्या, काही सॉफ्टवेअर स्क्रिप्टवर चालतात. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल तर डॉट व्हीबीएस फाइल नेहमी नोटपॅडमध्ये उघडेल असं ठरवून द्या. शॉर्टकटमध्ये नुसतं 'स्टार्ट' आणि फाइलचं नाव असेल, तर व्हायरस चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये त्याचा मजकूर उघडून पडतो. व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्यानं विंडोजमधून काढणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर केलंय, पण काउंटरवरचे जुने कॉम्प्युटर त्यासाठी थांबणार नाहीत.

आता ज्या दुकानामुळे हे सगळं लिहायला बसलो त्याबद्दल. कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान, तीन कॉम्प्युटर. मी तिन्ही वरच्या क्रमानं साफ केले, दुकानातले पाच पेनड्राइव्ह साफ केले, आणि चौथ्या दिवशी दुकानवाल्या काकांचा फोन: "अहो, परत आलाय." पुन्हा साफ केले, पुन्हा आला. तेव्हा एक रिकामा पेनड्राइव्ह घेतला, त्यात 'तपासणी' नावाचा एकच फोल्डर केला आणि तो एकेका कॉम्प्युटरला दोन मिनिटं लावून दरवेळी मोबाइलवर ओटीजीनं बघत गेलो. पहिले दोन स्वच्छ निघाले. तिसऱ्यावर, जिथे पासपोर्ट फोटो निघतात तिथे, 'तपासणी'शेजारी शॉर्टकट उगवला. तो कॉम्प्युटर मी दोनदा साफ केला होता. मग त्याला बाहेरून काय लागतं ते बघितलं. कार्ड रीडरमध्ये कॅमेऱ्याचं कार्ड होतं. ते दिवसभर कॅमेऱ्यातच असतं, म्हणून मी साफ करायला बसायचो तेव्हा ते कधी टेबलावर नव्हतंच. कार्डवर कॅमेऱ्याच्या फोटोंच्या फोल्डरचा शॉर्टकट, शेजारी लपवलेली व्हीबीएस फाइल, आणि रोज सकाळी फोटो उतरवून घेताना दुकानातल्या ताई त्याच शॉर्टकटवर डबल क्लिक करत होत्या.

कार्ड साफ केलं, तिसरा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा साफ केला. 'तपासणी'चा पेनड्राइव्ह आता काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि दर सोमवारी सकाळी ताई तो तिन्ही कॉम्प्युटरना लावून बघतात.